पावसाळ्यात बदकाची अंडी मशीनमध्ये लावताय? पाण्याआधी वजनकाटा आणा

आषाढ-श्रावणात कोकणात घरच्या इन्क्युबेटरमध्ये बदकाची अंडी लावणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. पिल्लं पूर्ण वाढली होती, टॉर्च लावला की आत हलताना दिसत होती, आणि शेवटच्या दोन दिवसांत आतल्या आत मेली. अंडं फोडून बघावं तर पिल्लू फुगलेलं आणि अंगाभोवती चिकट पाणी. माझी पहिली खेप अशीच गेली. मशीनसोबतच्या पुस्तिकेत पहिल्या दिवसापासून तळाच्या खाचेत पाणी भरायला सांगितलं होतं, आणि मी ते न चुकता भरत होतो.

पुस्तिका कोरड्या हवेसाठी खरी असेल, आपल्या पावसाळ्यासाठी नाही. २७ अंश तापमानाची आणि ९० टक्के दमट हवा मशीनमध्ये शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते. बदकाच्या अंड्याला पहिले २५ दिवस साधारण ५५ टक्के लागते. म्हणजे खाचेत थेंबभर पाणी न घालता काम जवळजवळ झालेलं असतं. हेच विदर्भात डिसेंबरात, बाहेर १५ अंश आणि ६० टक्के असताना करून बघा, मशीनमध्ये जेमतेम १५-१६ टक्के उरतील. तिथे पाणी हवंच. त्यामुळे नागपूरकडच्या पाहुण्याचा अनुभव इथे जसाच्या तसा उतरवू नका.

आर्द्रता मोजणारं स्वस्त डिजिटल मीटर दहा टक्क्यांनीसुद्धा चुकतं. ते तपासायचं असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थोडं पाणी घालून ओलं करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात ठेवा. दहा-बारा तासांनी ७५ दिसायला हवं. जितका फरक तितकी मीटरची चूक. पण माझा खरा भरवसा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आहे. अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडतं, हवेची पोकळी मोठी होते, आणि त्याच पोकळीत चोच घालून पिल्लू पहिला श्वास घेतं. पंचविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन १३ टक्क्यांच्या आसपास उतरायला हवं. समजा ७० ग्रॅमची दहा अंडी आहेत, म्हणजे ७०० ग्रॅम. सातव्या दिवशी ती ६७५ च्या जवळ, चौदाव्या दिवशी ६५०, एकविसाव्या दिवशी ६२५ आणि पंचविसाव्या दिवशी ६१० च्या जवळ भरली पाहिजेत. प्रत्येक अंड्यावर सुरुवातीचं वजन पेन्सिलीने लिहून ठेवा, म्हणजे मध्येच एखादं काढून टाकलं तरी हिशोब बिघडत नाही. उतार कमी पडला तर खाच पूर्ण कोरडी करा, हवेची भोकं उघडा आणि मशीन पडवीतून आतल्या कोरड्या खोलीत न्या. उतार जास्त झाला तरच पाणी घाला.

पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश ठेवा. बिनपंख्याच्या मशीनमध्ये अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर ३८.३ च्या आसपास हवं. बहुतेक घरगुती ट्रे कोंबडीच्या अंड्याच्या मापाचे असतात, त्यात बदकाचं अंडं नीट बसत नाही आणि फिरताना अडकतं. अशा वेळी अंडी आडवी ठेवून हातानेच फिरवा, दिवसातून तीन किंवा पाच वेळा. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला की विसरायला होत नाही.

अंडी निवडताना पावसाळ्यात चिखल हा मोठा शत्रू. बदकं रात्री उशिरा ते सकाळच्या सुमाराला अंडी घालतात, म्हणून त्यांना सकाळी नऊपर्यंत कोरड्या पेंढ्यावर कोंडून ठेवा. बरबटलेलं अंडं लावूच नका, आणि थंड पाण्याने तर मुळीच धुऊ नका. गरम अंडं गार झालं की छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी ठेवू नका. सातव्या दिवशी टॉर्चने बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं नाही, तर अंडं काढा. मशीनच्या उबेत नासकं अंडं फुटलं तर सगळ्या खेपेला बाधा होते.

वीज जाणार हे धरूनच चला. पहिल्या आठवड्यात लाईट गेली तर मशीन उघडू नका, गोधडीने झाका, हवेची भोकं मात्र मोकळी ठेवा. दुसऱ्या आठवड्यानंतर पिल्लं स्वतः ऊब धरतात, काही तासांचा गारवा ती सोसतात. त्या टप्प्यावर जास्त ताप झाला तरच अधिक नुकसान होतं, म्हणून लाईट आल्यावर तापमान चढून थांबत नाही ना हे बघायला कुणीतरी घरात हवं. अंडी लावायचा दिवस ठरवताना अठ्ठावीस दिवस पुढे मोजा. पिल्लं बाहेर यायचे दिवस गणपतीत आले तर मशीनकडे बघायला घरात कुणालाही सवड मिळत नाही. मस्कोवी जातीला मात्र ३५ दिवस लागतात.

पंचविसाव्या दिवशी फिरवणं बंद करा, आणि आता पाणी घाला. खाच भरा, ओला स्पंज ठेवा, आर्द्रता ७० च्या वर न्या. कवचाला पहिली चीर पडल्यापासून बाहेर यायला २४ ते ४८ तास लागू शकतात. एवढा वेळ थांबणं जड जातं, हे मला माहीत आहे. तरी हात लावू नका. आतल्या पडद्यातल्या शिरांत अजून रक्त असतं आणि बलक पोटात ओढला जायचा असतो. घाईने कवच सोलून काढलेली पिल्लं मी दगावताना पाहिली आहेत.

पिसं सुकली की पिल्लं ३०-३२ अंशांच्या उबेत न्या. आईच्या अंगाचं तेल या पिल्लांना मिळालेलं नसतं, त्यामुळे पोहायला आणि पावसात सोडू नका. चोच बुडेल इतकं खोल, पण अंग बुडणार नाही असं भांडं ठेवा. खाद्याच्या बाबतीत कडक राहा. पावसाळ्यात मका आणि शेंगदाणा पेंड बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष कोंबडीपेक्षा बदकाला कितीतरी लवकर मारतं. पोत्याला कुबट वास आला किंवा दाणा गठ्ठा झालेला दिसला तर पिल्लांना घालू नका. खाद्य आठवड्यापुरतंच आणा आणि जमिनीपासून उंच फळीवर ठेवा. ऑगस्टअखेर निघालेली पिल्लं ऑक्टोबरअखेर भातकापणीला दोन महिन्यांची होतात, आणि मोकळ्या खाचरात सांडलेला दाणा नि गोगलगाई टिपायला सोडता येतात.