कम्युनिटी कॉलेजातून यूसीला जाताना: सर्टिफिकेशन मागावं लागतं

शेवटचं काम आधी सांगते, कारण आमच्या मोठ्याच्या वेळी नेमकं तेच राहिलं. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात जीईचे (सगळ्यांना करावे लागणाऱ्या सामान्य शिक्षणाचे) सगळे विषय पुरे झाले की कॉलेज आपणहून यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, कळवेल, असं धरून चालू नका. कळवत नाही. सर्टिफिकेशन, म्हणजे जीई पुरं झाल्याचा कॉलेजचा दाखला, मागावं लागतं. ते गेलं नाही तर नवा कॅम्पस स्वतःची जीईची यादी लावू शकतो, आणि विषय झालेले असूनही नवे विषय गळ्यात पडतात. कॅलेंडरमध्ये आजच लिहून ठेवा.

आता पहिल्यापासून. पहिल्या टर्मची नोंदणी करण्याआधी असिस्टची साइट उघडा; कॉलेजचा कोणता कोर्स यूसीच्या कोणत्या कोर्सच्या जागी धरतात, याचे करार तिथे दिसतात. वर्ष, आपलं कॉलेज, यूसीचा हवा तो कॅम्पस आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय) निवडा. वर्ष चुकवू नका. करार बदलत राहतात आणि कोर्स ज्या वर्षी केला त्या वर्षाचा करार धरतात. डावीकडे यूसीचा कोर्स दिसतो, उजवीकडे आपल्या कॉलेजचा. उजवीकडे दोन कोर्सच्या मध्ये ‘अँड’ असेल तर दोन्ही करायचे, एकाने भागत नाही. ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ (जुळणारा कोर्स नाही) दिसलं तर शेजारच्या कॉलेजात शोधा. पीडीएफ उतरवून ठेवा. आणि एकाच कॅम्पसची यादी बघून थांबू नका; डेव्हिसला पुरणारी यादी सॅन डिएगोला अपुरी पडू शकते. स्टॅनफर्ड किंवा यूएससी ही खासगी विद्यापीठं इथे सापडणार नाहीत, असिस्ट मुख्यतः सरकारी संस्थांसाठी आहे.

कॅल्क्युलस, फिजिक्स एकाच कॉलेजात सुरू करून तिथेच संपवा. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर (छोट्या टर्मवर) चालतात, फ्रीमाँटचं ओलोनी कॉलेज सेमिस्टरवर. अर्धं इकडे, अर्धं तिकडे केलं की मधला एखादा धडा कुठेच होत नाही आणि करारात ती जोडी बसत नाही. युनिटचा (कोर्सच्या क्रेडिटचा) हिशेब 60 सेमिस्टर म्हणजे 90 क्वार्टर.

जीईसाठी 2025 च्या फॉलपासून आयजीईटीसी या जुन्या यादीच्या जागी कॅल-जीईटीसी ही नवी यादी आली: 11 कोर्स, 34 सेमिस्टर युनिट, प्रत्येकात किमान सी ग्रेड. सी-मायनस चालत नाही! भाषणकलेचा कोर्स आता यूसीला जाणाऱ्यांनाही करावा लागतो. इंजिनीअरिंगवाल्यांनी मात्र आधी मेजरचे कोर्स उरकावेत, आणि जीईचं काउन्सेलरला विचारूनच ठरवावं.

टॅगचा (अटी पुऱ्या केल्या तर प्रवेशाची हमी देणाऱ्या योजनेचा) अर्ज 1 ते 30 सप्टेंबर, आणि एकाच कॅम्पसला. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ हे सहाच टॅग देतात, तेही प्रत्येक मेजरला नाही. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो देत नाहीत. काउन्सेलरची वेळ ऑगस्टमध्येच घ्या, सप्टेंबरात मिळणं कठीण. टॅग मिळाला तरी मुख्य अर्ज वेगळा करावाच लागतो. तो ऑक्टोबरात भरून नोव्हेंबर संपायच्या आत पाठवा. त्यात शिकलेलं प्रत्येक कॉलेज लिहा: हायस्कूलमध्ये असताना केलेला कॉलेजचा कोर्स, पुण्यात काढलेलं पदवीचं एखादं वर्ष, उन्हाळ्यात दुसरीकडे केलेला ऑनलाइन कोर्स, सगळं. वाईट ग्रेडसुद्धा. लपवलेलं निघालं तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

पुन्हा सर्टिफिकेशन. शेवटच्या टर्ममध्ये कॉलेजला विचारा, वेगळा फॉर्म आहे की ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) मागवतानाच खूण करायची आहे. प्रत्येक कॉलेजची पद्धत निराळी. इतर कॉलेजांचे ट्रान्सक्रिप्ट आणि एपीचे (हायस्कूलमध्ये दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे) अधिकृत गुण सर्टिफिकेशन देणाऱ्या कॉलेजकडे आधीच पोचलेले हवेत, नाहीतर ते विषय मोजायचे कशावरून? नुसतं ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सर्टिफिकेशन नव्हे. पाठवल्यावर फोन करून खात्री करा.

बाकी पटापट. जानेवारीत यूसीच्या अर्जात ग्रेडचं अपडेट भरा. कॅल ग्रँट या राज्याच्या आर्थिक मदतीचा अर्ज 2 मार्चपर्यंत. प्रवेश मिळालेल्या कॅम्पसला होकार 1 जूनपर्यंत. शेवटचं ट्रान्सक्रिप्ट 1 जुलैपर्यंत; मागवताना ‘ग्रेड लागल्यावर पाठवा’ हा पर्याय निवडा, नाहीतर शेवटची टर्म कोरीच जाते. आणि त्याच दिवशी सर्टिफिकेशन मागा.