वेल वाळायला लागली म्हणून लगेच उपटू नका

पाऊस ओसरला, हवा कोरडी झाली की परसबागेतल्या वेलींची पानं बुडापासून पिवळी पडायला लागतात. भेंडी राठ होते, टोमॅटोची झाडं थकतात, आणि वाफा मोकळा करून पुढची पेरणी उरकायची घाई होते. पेरणी जरूर करा, पण सगळी बाग एका दिवसात साफ करू नका. प्रत्येक पिकाचं एखादं चांगलं झाड किंवा एखादी वेल शेवटपर्यंत राखा. पुढच्या हंगामाचं बियाणं त्यातूनच मिळतं, आणि घरातल्या मुलांच्या हाताला महिनाभर पुरेल एवढं कामही. झाड फळ देतं इथपर्यंत मुलांना माहीत असतं. फळ पिकून, वाळून त्याचं पुन्हा बी होताना मात्र फार कमी मुलांनी पाहिलेलं असतं, आणि मला तरी बागेतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच वाटतो.

बियाण्यासाठी फळ राखताना एक चूक सर्रास होते. चांगली फळं तोडून खाल्ली जातात आणि शेवटचं उरलंसुरलं, वाकडं, किडकं फळ बियाला सोडलं जातं. हे उलटं करायला हवं. जे झाड रोगाला कमी बळी पडलं, ज्याला भरपूर आणि एकसारखी फळं लागली, त्याचं उत्तम फळ बियाला ठेवा. देठाला रंगीत दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी नकळत तोडून नेतं. मात्र भेंडी, घेवडा, वाल यांच्या शेंगा झाडावर वाळू दिल्या की पुढची फुलं कमी येतात, कारण झाडाचं बळ बी भरण्यात जातं. म्हणून बियासाठी झाडच वेगळं काढा आणि बाकीच्या झाडांची तोडणी चालू ठेवा.

पाकिटावर संकरित किंवा एफ-१ लिहिलेलं असेल तर त्या झाडाचं बी धरण्यात अर्थ नाही. पुढच्या पिढीत झाडं वेगवेगळी निघतात. सरळ (म्हणजे संकरित नसलेल्या) किंवा देशी वाणाचंच बी धरा. टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांचं परागीकरण बहुतांशी त्याच फुलात होतं, त्यामुळे वाण सहसा शुद्ध राहतं. सुरुवात करणाऱ्यांनी यांच्यापासूनच करावी. वेलवर्गीय भाज्यांचं तसं नाही. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि किडे एका वेलीचे पराग दुसरीवर नेतात. शेजारी दुसऱ्या जातीचा किंवा रानटी, कडू भोपळा असेल तर त्याचा गुण तुमच्या बियात उतरू शकतो. ज्या वेलीचं एक जरी फळ कडू लागलं, तिचं बी धरू नका आणि ते फळ खाऊही नका. तो कडवटपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो. त्याने उलट्या-जुलाब होऊन माणूस गंभीर आजारी पडू शकतो, आणि शिजवल्याने तो जात नाही.

टोमॅटोच्या बियाभोवती बुळबुळीत आवरण असतं आणि ते बीला रुजू देत नाही. पूर्ण पिकलेलं फळ कापून गर बियांसकट काचेच्या भांड्यात काढा, थोडं पाणी घाला आणि फडकं बांधून सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत वर फेस येतो, वास सुटतो, आवरण गळून जातं. मग भरपूर पाणी घालून ढवळलं की भरलेलं बी तळाशी बसतं आणि पोचट बी गरासोबत वर तरंगतं. वरचं ओतून टाका, तळचं धुऊन ताटलीत पसरा. कागदावर पसरू नका, बी चिकटून बसतं. आंबण्याची मुदत तीन दिवसांच्या पुढे जाऊ देऊ नका, बी भांड्यातच मोड काढतं.

बी कडक उन्हात वाळवायची सवय असेल तर ती सोडा. पस्तीस अंशांपेक्षा जास्त तापलं की उगवणशक्ती घटायला लागते. वारा खेळणाऱ्या सावलीत वाळवा. पुढे बी किती टिकेल हे ओलावा आणि उष्णता या दोन गोष्टी ठरवतात. बीशास्त्रातला ढोबळ नियम असा की ओलावा 1 टक्का कमी झाला किंवा साठवणीचं तापमान 5 अंश सेल्सिअस उतरलं, की बीचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून खडखडीत वाळलेलं बी कागदी पाकिटात, पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत आणि बरणी घरातल्या थंड, अंधाऱ्या जागी. तरीही कांद्याचं बी एक-दोन वर्षांपलीकडे भरवशाचं नसतं. भेंडीचं दोन वर्षं, घेवड्याचं तीन, टोमॅटोचं चार वर्षं सहज चालतं. पाकिटं मुलांना करायला द्या. वहीचा कागद दुमडून चिकटवायचा, वर पिकाचं नाव, वाण, बी काढल्याची तारीख लिहायची आणि त्या फळाचं चित्र काढायचं. पेरणीआधी 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. 7 उगवल्या तर उगवण 70 टक्के, म्हणजे बी थोडं दाट पेरायचं.

आता घोसाळं. मुलांसोबत एकच गोष्ट करायला वेळ असेल तर हीच करा. वेलीवर दोन-तीन घोसाळी वाळू द्या. साल हिरवी आहे तोवर हात लावू नका, कोवळ्या फळातला धागा भरलेला नसतो आणि जाळी लिबलिबीत निघते. साल तपकिरी, कागदासारखी झाली, फळ हातात एकदम हलकं लागलं आणि हलवल्यावर आत बी खुळखुळलं की तोडा. दोन्ही टोकं कापा आणि काळं बी आपटून काढून घ्या, तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. फळ अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. साल भिजली की अंगठ्याने दाबल्यावर तडकते आणि पट्ट्यापट्ट्यांनी सुटून येते. आतून पांढरट धाग्यांची अखंड जाळी बाहेर येते, मधोमध बियांच्या उभ्या पोकळ्या असतात. ती जाळी पाण्यात दाबून दाबून फेस थांबेपर्यंत धुवा आणि उन्हात फिरवत वाळवा. अंघोळीला, भांड्यांना अख्खी वापरा, किंवा आडवे काप करून रंगात बुडवा, कागदावर नक्षीचे छान ठसे उठतात. वापरानंतर जाळी वाळत टाका, ओली राहिली तर ती कुजते.

दुधीला जास्त धीर लागतो. देठ बोटभर ठेवून फळ काढा आणि हवेशीर जागी एकमेकांना टेकणार नाही असं टांगा. आकाराप्रमाणे एक ते सहा महिने लागतात. सालीवर बुरशी येईल, घाबरून फेकू नका. फळ मऊ पडून पाणी सुटलं तरच ते गेलं समजा. बी वाजायला लागलं की कोमट पाण्यात भिजवून तारेच्या घासणीने वरचा थर काढा. भोक पाडणं आणि आतला भुगा खरवडणं हे काम मोठ्यांनीच नाकातोंडाला फडकं बांधून, घराबाहेर करावं, कारण ती धूळ छातीला त्रास देते. नंतर रंगवायला मुलं आहेतच. तळाला पाणी निथळायला दोन-तीन भोकं पाडली की टांगती कुंडी तयार.

मोकळ्या झालेल्या जागेत पालेभाज्या घ्या. मातीत कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. टोमॅटोच्या जागी पुन्हा वांगं-मिरची नको, एकाच कुळातले रोग मातीत राहिलेले असतात. मेथी तीन ते पाच दिवसांत वर येते, म्हणून लहान मुलांच्या हाताने मेथीच पेरून घ्या. कोथिंबिरीला एक-दोन आठवडे लागतात. धने आधी रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवा.

पानांची छाप घ्यायची तर सुती कापड धुऊन तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवा. ताजं पान कापडाच्या घडीत ठेवा, खाली लाकडी पाट घ्या आणि गुळगुळीत दगडाने कडेपासून आत ठोकत जा. रसाळ, जाड पानं पसरट डाग पाडतात, पातळ आणि स्पष्ट शिरांची पानं घ्या. हिरवा रंग काही दिवसांत तपकिरीकडे झुकतो. टिकाऊ रंग हवा तर कांद्याची साल उकळा, तिला तुरटीशिवायही पिवळा-नारिंगी रंग येतो. रंगाचं भांडं स्वयंपाकाच्या भांड्यांपासून वेगळंच ठेवा.

कलाकुसरीला बिया गोळा करताना काही बिया घरात आणूच नका. लाल-काळ्या गुंजा दिसायला मोहक असतात, पण त्यातलं अ‍ॅब्रिन हे विष जीवघेणं आहे. अख्खी गुंज न फुटता पोटातून निघून जाऊ शकते, पण माळेसाठी भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज घातक ठरते. एरंड, धोतरा आणि कण्हेरही तशीच. दुकानातून आणलेल्या बियांवर गुलाबी किंवा निळा लेप असेल तर ते बुरशीनाशक आहे. ते बी चिकटचित्राला वापरू नका आणि पेरल्यावर साबणाने हात धुवा.