कुंडीतली शोभेची केळ आणि खत : मृगापासून दिवाळीपर्यंत

रोहिणी संपली, मृग लागला, आता सोलापुरात पाऊस पडणार का नाही ते पांडुरंगालाच माहीत, पण गच्चीवरच्या कुंडीतल्या केळी तेवढ्याची वाट बघत नाहीत, ऊन जरा उतरलं आणि ढग आले की लगेच नवा पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, काढायला लागतात. पोंगा दिसला की खत सुरू, त्याच्या आधी नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला असतो तेव्हा केळ नुसती तग धरून असते, ३८ च्या वर तिची वाढ थांबतेच जवळपास, आणि त्यावेळी घातलेलं खत झाड खात नाही, ते मातीत बसून मुळं भाजतं.

हे मी शिकलो ते स्वतःचं नुकसान करून. मागच्या मे महिन्यात तांबड्या ठिपक्याची झेब्रिना केळ जरा फिकी दिसायली म्हणून मूठभर युरिया टाकला आणि वरून पाणी. चौथ्या दिवशी पानांच्या कडा काळ्या-तपकिरी, हातात घेतलं की चुरा. मग बादल्या ओतून कुंडी धुतली तरी आईझाड गेलंच, बाजूचा एक मुनवा, म्हणजे बुंध्याशेजारी फुटलेलं पिल्लू, वाचला, तोच आता कमरेएवढा झालाय.

आपल्या जिल्ह्यात हा घोळ जास्त होतो कारण प्रत्येकाच्या घरी एखादा पाहुणा करमाळ्याकडचा, कंदरच्या बाजूचा, केळीची बाग असलेला, आणि तो सांगणार की केळीला खत लई लागतं बघा. खरंय की, शेतात एका झाडाला वर्षभरात २०० ग्रॅम नत्र (नायट्रोजन) आणि तेवढंच पालाश (पोटॅश) देतात. पण शेतात मुळं लांब पसरतात आणि पाणी खोल जातं, इथं तुमच्याकडं १५ इंची कुंडीत फार तर २५-३० लिटर माती, खत जाणार कुठं? त्यामुळं हिशोब उलटा ठेवायचा, खत पातळ द्यायचं आणि सारखं द्यायचं. एकदम भरपूर कधीच नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. पहिला पोंगा निघाला की वरची दोन इंच माती उकरून काढायची, त्यात पांढरी पापडी धरलेली असेल तर ती टाकूनच द्या, ते क्षार आहेत, आणि त्या जागी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत दोन-तीन ओंजळी आणि एक मूठ निंबोळी पेंड. बुंध्याला चिकटवून ढीग घालायचा नाही, चार बोटं लांब, नाहीतर पावसात कंद सडतो. मग आठवड्याने १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) सुरू, लिटरला २ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा धरा, लहान रोप असेल तर १ ग्रॅमच. आधी साधं पाणी घालून माती ओली करायची, मगच खताचं पाणी, दोन लिटर एका कुंडीला, दर १२-१५ दिवसांनी. आषाढीला पालख्या पंढरपुरात पोचेपर्यंत दोन डोस झाले पाहिजेत असं मी धरतो, एकादशी मागंपुढं होते पण चालतंय.

ऑगस्ट उजाडला की नत्र कमी आणि पालाश जास्त करायचं, एक आड एक वेळेला १९:१९:१९ च्या जागी १३:००:४५ (नत्र १३, पालाश ४५ टक्के), तेवढंच, लिटरला २ ग्रॅम. केळ पालाशची भुकेली आहे, ते कमी पडलं की खालची जुनी पानं कडेपासून पिवळी-नारिंगी होऊन वाळत आत येतात. पालाश म्हटल्यावर दुकानात स्वस्तातला तांबडा पोटॅश हातात देतात, तो कुंडीत नको, त्यात क्लोराइड असतं, आपल्या पाण्यात आधीच क्षार काय कमी आहेत का. घ्यायचाच तर पांढरा, ००:००:५० वाला.

पाण्याचं मात्र जरा नीट वाचा, कारण सोलापुरात खतापेक्षा पाणीच जास्त केळी मारतं. बोअरचं पाणी जड, नळाचं पाणी काही दिवसाआड, म्हणून लोकं आरओचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालायलेत. ते घालू नका, सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात. एसीचं पाणी चालतं, पावसाचं तर सोनं. गच्चीच्या पाइपखाली एखादा पिंप ठेवा आणि खत त्याच पाण्यात कालवा. आणि महिन्यातून एकदा कुंडी धुवायची, म्हणजे खालून भरपूर पाणी निघेपर्यंत साधं पाणी सावकाश ओतत राहायचं, चांगला जोराचा पाऊस झाला तर ते काम तोच करतो. मात्र त्यानंतर पुढचा डोस विसरू नका, धुण्यात नत्र पण जातं. खालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून ठेवायच्या.

नवीन पान पिवळं-पांढरं आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर ते नत्र नाही, लोह आहे. चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात लोह असून झाडाला मिळत नाही. साधं हिराकस (फेरस सल्फेट) टाकून काही होत नाही, ते मातीत लगेच अडकतं, ईडीटीए वालं चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून बांधलेलं) सुद्धा आपल्या मातीत फार टिकत नाही, ईडीडीएचए असं लिहिलेलं चिलेटेड लोह मागा, लालसर पूड असते, महाग आहे पण कुंडीला दोन ग्रॅम एक लिटर पाण्यातून दिलं की पुढची दोन-तीन पानं हिरवी येतात, आधीचं पिवळं पान मात्र सुधारेलच असं नाही. खालच्या पानात मधली शीर आणि कड हिरवी आणि मधला भाग पिवळा दिसला तर मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, महिन्यातून एकदा.

आणि प्रत्येक गोष्टीला खत नसतं हो. दुपारी पानं मधल्या शिरेवर मिटून खाली पडतात ते उन्हापासून वाचायला, संध्याकाळी परत उघडतात. आषाढातल्या वाऱ्यानं पानाच्या चिंध्या होतात त्याला कुठलंच खत नाही, कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवा. झेब्रिनाचा किंवा लाल अ‍ॅबिसिनियन केळीचा तांबडा रंग गेला म्हणून डोस वाढवणारे पण भेटतात, तिथं उलट ऊन कमी आणि नत्र जास्त झालेलं असतं, सकाळचं चार-पाच तास ऊन द्या.

घरगुती उपायांबद्दल लई विचारतात. केळीच्या साली पाण्यात भिजवून ते पाणी घालणं, ठीक आहे, नुकसान नाही, पण त्यात पालाश नावापुरतंच, साली कंपोस्टमध्ये टाका ते बरं. चुलीची राख आपल्याकडं नको म्हणजे नकोच, ती अल्कली, माती आधीच तशी, लोह अजून अडकतं. शेंगदाणा पेंड मात्र मला आवडते, आपल्या सोलापुरात चटणीला शेंगा आणि झाडाला पेंड, दोन्ही कमी नाही. १०० ग्रॅम पेंड दोन लिटर पाण्यात तीन-चार दिवस झाकून भिजवायची, मग एका तांब्याला दहा तांबे पाणी. नत्र भरपूर असतं, म्हणून ज्या आठवड्यात पेंड त्या आठवड्यात १९:१९:१९ नाही. वास भयानक येतो, शेजारच्या काकू धुणं वाळत घालायच्या आत उरकून घ्या.

हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांचं खत वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, डब्यावर सहा महिने लिहिलेलं असलं तरी आपल्या गरमीत ते लवकर सुटतं, म्हणून लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मंच घाला.

आपल्याकडं खरा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरातच येतो, तेव्हा केळ सगळ्यात जोरात असते, त्या दीड महिन्यात एक पण डोस चुकवू नका. दिवाळीनंतर अंतर वाढवायचं, महिन्यातून एकदा अर्ध्या ताकदीनं, आणि गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, रात्री गारठा पडला की रासायनिक बंद, एक ओंजळ गांडूळ खत पुरे.

मध्येच फूल आलं तर घाबरायचं नाही, आईझाड त्यानंतर संपणारच, खत बाजूच्या मुनव्यासाठी चालू ठेवा. दोनच मुनवे ठेवायचे, बाकीचे काढून कुणाला तरी द्या. लाल अ‍ॅबिसिनियन असेल तर मात्र तिला सहसा मुनवेच येत नाहीत, सह्याद्रीतल्या रानकेळीसारखीच ती, त्यामुळं शेजारी पिल्लू मागायला आले तर सरळ नर्सरीचा पत्ता द्या.