पटकथा शिकायची तर आधी तोंड बंद ठेवा

मराठी मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही नावं बहुधा वेगवेगळी येतात. नव्या लेखकाला वाटतं, तिन्ही आपल्याला जमतील. खरं तर त्याला त्यातलं तिसरंच थोडंफार येत असतं. म्हणून सुरुवात उलटी करा.

१. एक प्रसंग बिनसंवादाचा लिहा. मुलाची नोकरी गेली आहे आणि त्याने घरी सांगितलेलं नाही. ‘त्याला अपराधी वाटत होतं’ हे कथेत चालतं, पण कॅमेऱ्याला ते दिसत नाही. मग काय दिसेल? आई रोजचा डबा देते. तो स्टेशनच्या बाकावर बसून साडेदहालाच डबा उघडतो. चार दिवसांनी डब्याच्या पिशवीत त्याला शंभराची नोट सापडते. आईला कळलंय, हे सांगायला एकही वाक्य लागलं नाही. असे दहा प्रसंग लिहा. कंटाळा येईल, पण हात इथेच बसतो.

२. वनलाइन काढा. एकेका कार्डावर एकेक प्रसंग, एका ओळीत. मग कुठलंही कार्ड काढून पाहा. गोष्ट अडली नाही, तर तो प्रसंग गेला. (आवडता प्रसंगच हमखास असा निघतो.)

३. मगच पानं भरा. स्थळ, आत की बाहेर, दिवस की रात्र, आणि जे दिसतं-ऐकू येतं तेवढंच. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, असा धंद्यातला अंदाज. देवनागरीत तो हलतो, म्हणून मोठ्याने वाचून घड्याळ लावा.

४. नटांच्या तोंडी द्या. आपल्याकडे त्यासाठी एकांकिका आहेत. पुण्यातली ‘पुरुषोत्तम करंडक’ स्पर्धा 1963 पासूनची. रंगमंच वेगळा, कबूल. पण तालमीत नट जिथे तिसऱ्यांदा अडखळतो, तिथे चूक बहुधा वाक्याची असते.

५. निर्मात्याला ऐकवण्याआधी नोंदणी. कॉपीराइट नुसत्या कल्पनेवर मिळत नाही, लिहिलेल्या मजकुरावर मिळतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन संहिता ऑनलाइन नोंदवता येते. नोंदणी म्हणजे मालकी नव्हे, तारखेचा पुरावा.

६. करार वाचा. हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला वाटा लेखकाला करार करूनही निर्मात्यासाठी सोडून देता येत नाही. ती रॉयल्टी हाती पडणं मात्र वेगळीच लढाई. आज पाहायचं ते हप्त्यांचं कलम: सहीला किती, पहिल्या खर्ड्याला किती. शेवटचा हप्ता ‘प्रदर्शनानंतर’ असेल, तर घरभाड्याच्या हिशेबात तो धरू नका.

नरेशनला, म्हणजे निर्मात्याला गोष्ट ऐकवायला, जाताना दुसऱ्या गोष्टीची वनलाइनही तयार ठेवा. पहिली पसंत पडली नाही, तर समोरचा विचारू शकतो, ‘अजून काय आहे?’