“मला काय धाड भरलीय?” म्हणणाऱ्या बाईला पिशवीच्या तोंडाच्या तपासणीला कसं न्यायचं

आमच्या मोठ्या जाऊबाई ४६ वर्षांच्या. पहाटे साडेपाचला धारा काढतात, दिवसभर रानात असतात, संध्याकाळी परत आठ माणसांच्या भाकऱ्या. त्यांना मी सलग दोन वर्षं म्हणत होते आक्का चला, एकदा तपासणी करून येऊ, आणि दोन्ही वर्षं एकच उत्तर मिळालं, मला काय धाड भरलीय? तुमच्याही घरात हे ऐकलं असेल. आई असेल, मावशी असेल, चुलतसासू असेल. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, कारण शेवटी आक्का आल्या, आणि त्यांना आणायला काय काय करावं लागलं ते मला आता नीट माहीत आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ही तपासणी त्रास नसतानाच करायची असते. गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचं तोंड, तिथला कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका कॉमन आहे की संसार केलेल्या बहुतेक बायकांना कधी ना कधी त्याची लागण होऊन जाते, कळतही नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत शरीर स्वतःच त्याला घालवतं. काही जणींत मात्र तो ठाण मांडून बसतो. मग तिथल्या पेशी हळूहळू बदलत जातात, आणि त्या बदलाचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात (एचआयव्ही वगैरेमुळे प्रतिकारशक्ती कमी असेल तर ५ ते १० वर्षांतही होतं). म्हणजे बघा, इतकी वर्षं आपल्या हातात असतात आणि त्या सगळ्या काळात बाईला काहीही होत नसतं, ना दुखत ना खुपत. “काही होत नाही” हेच तर जायचं कारण आहे.

मी आक्कांना समजवायला आपल्याच भागातली गोष्ट सांगितली आणि तीच लागू पडली. १९९९ मध्ये आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव, एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होते. गावोगावच्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका. काहींची एचपीव्ही तपासणी केली, काहींची पॅप, काहींची व्हिनेगरची (तिन्ही पिशवीच्या तोंडाच्याच तपासण्या, खाली सांगते), आणि एका गटाला नेहमीसारखंच ठेवलं. पुढची आठ वर्षं लक्ष ठेवलं, आणि ज्या गटात एचपीव्ही तपासणी झाली, तीही आयुष्यात फक्त एकदा, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे छापून आलं आणि जगभरचे डॉक्टर आज त्याचा दाखला देतात. त्या बायका कोण होत्या? आपल्यासारख्याच, खुरपणीला जाणाऱ्या. हे सांगितल्यावर आक्का पहिल्यांदा गप्प बसून ऐकत राहिल्या.

मुंबईतही १९९८ पासून टाटाने झोपडपट्टीत असंच काम केलं, दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आणि एवढं सगळं आपल्याकडे सिद्ध होऊनसुद्धा २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी केलेल्या निघाल्या फक्त १.९ टक्के. शंभरात दोघीसुद्धा नाहीत. दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आपल्या देशात. मला हे वाचून खरंच राग येतो.

बरं, आता कोणती तपासणी करायची. व्हिनेगरची, म्हणजे व्हीआयए, ही सरकारी उपकेंद्रात, पीएचसीत, ग्रामीण रुग्णालयात ३० च्या पुढच्या बायकांसाठी दर ५ वर्षांनी फुकट करायची सोय आहे. सगळीकडे रोज होत नाही, ट्रेनिंग झालेली सिस्टर कोणत्या वारी असते ते आशाताईला विचारून ठेवा, उगाच हेलपाटा नको. पॅप स्मिअरमध्ये ब्रशने पेशी घेऊन लॅबला पाठवतात, ती दर ३ वर्षांनी. आणि एचपीव्ही, नमुना तसाच घेतात पण विषाणूच शोधतात, ३० नंतर दर ५ वर्षांनी केली तरी चालते. माझं मत विचाराल तर परवडत असेल आणि जवळ मिळत असेल तर एचपीव्हीच करा, लवकर पकडते आणि सारखं जावं लागत नाही. महाग पडते हे खरं आहे, दोन-तीन लॅबला फोन करून भाव विचारा. काही ठिकाणी एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःलाच घेता येतो, टेबलावर झोपायलाच नको, लाजाळू बायकांसाठी हे फार बरं आहे, विचारून बघा. पण पैसे नाहीत म्हणून थांबू नका, व्हिनेगरची फुकट आहे ती तरी करा. एचआयव्ही असेल तर २५ पासूनच सुरू करायचं आणि ३ ते ५ वर्षांनी परत.

सोनोग्राफी केलीय, नॉर्मल आलीय, मग कशाला, असं खूप जणी म्हणतात. सोनोग्राफीत पेशींतले हे बदल दिसत नाहीत. रक्ताच्या तपासणीतही नाही. पिशवीच्या तोंडाचाच नमुना घ्यावा लागतो किंवा तिथे डोळ्यांनी बघावं लागतं.

दिवस ठरवताना पाळी धरून ठरवा. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी गेलात की उत्तम, पाळी चालू असताना नको. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत ठेवायची गोळी, क्रीम काही नको, आणि आतून धुणं तर अजिबात नको (हे कायमच नको खरं तर). साडी नेसून किंवा घेरदार ड्रेस घालून जा, परकर नुसता वर घ्यावा लागतो त्यामुळे बाईला उघडं पडल्यासारखं वाटत नाही, जीन्स किंवा लेगिंग असेल तर सगळंच काढावं लागतं. आत जायच्या आधी लघवीला जाऊन या. उपाशी राहायची गरज नाही. नाव घालतानाच लेडी डॉक्टर किंवा सिस्टरच पाहिजे असं सांगा, यात लाजायचं काही नाही. पोटुशी असाल किंवा शंका असेल तर आधी सांगा.

आणि सोबत जा! आक्का आल्या त्या याच्यामुळेच. मी म्हटलं माझीपण करायचीय, मला एकटीला भीती वाटते, चला माझ्यासोबत. खोटं नव्हतं ते, माझीही पाच वर्षं झाली होती.

आत काय होतं ते बाईला आधी सांगून ठेवा, न सांगता नेलं तर ती टेबलावर ताठ होते आणि मग दुखतं. पाय दुमडून, टाचा जवळ घेऊन उताणं झोपायचं. स्पेक्युलम नावाचं एक साधन असतं, बदकाच्या चोचीसारखं, ते आत सरकवून हळूच उघडतात म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. उघडताना कट कट असा बारीक आवाज येतो, आक्का त्या आवाजालाच दचकल्या आणि त्यांनी कंबर वर उचलली. सिस्टर म्हणाल्या, “कंबर खाली सोडा मावशी, टेकवा, तोंडाने श्वास सोडा, फुंकर मारल्यासारखा.” ही फुंकर फार कामाची. आक्कांनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगड्यांचे वळ उठले, पण फुंकर मारल्यावर हात आपोआप सैल झाला. मग ब्रश आत फिरवतात, ते खरवडल्यासारखं लागतं, दहा-पंधरा सेकंद. व्हिनेगरची असेल तर कापसाच्या बोळ्याने पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, एक मिनिट थांबतात आणि बघतात, बदललेला भाग पांढरा दिसायला लागतो. किंचित चुरचुरतं. सगळं मिळून पाच मिनिटं. त्या दिवशी थोडा लाल डाग दिसू शकतो, एक पॅड पिशवीत ठेवा.

आता रिपोर्ट. इथेच घोळ होतो म्हणून नीट वाचा. पॅपच्या रिपोर्टवर “इन्फ्लमेटरी” लिहिलं असेल तर त्याचा अर्थ सूज किंवा इन्फेक्शन, कॅन्सर नाही. “अनसॅटिस्फॅक्टरी” म्हणजे नमुना नीट आला नाही, परत द्यायचा. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आहे, कॅन्सर नाही. व्हिनेगरचं पॉझिटिव्ह हे पण कॅन्सरचं निदान नाही. पुढची पायरी बहुतेक वेळा कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तिथे मोठं करून बघणं, आणि गरज वाटली तर छोटा तुकडा काढून तपासणं. सौम्य बदल पुष्कळदा आपोआप जातात, नुसती नजर ठेवतात. जास्त असतील तर तेवढाच भाग गोठवून, गरम करून किंवा तारेने काढून टाकतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येता. पण हे सगळं कधी, तर गेलं तर. पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरून रिपोर्ट गादीखाली ठेवणाऱ्या बायका मी बघितल्यात, कृपा करून तसं करू नका.

आणि घरातल्या माणसांना हेही सांगा की विषाणू आला म्हणजे बाईने किंवा नवऱ्याने आत्ता काहीतरी केलं असं नसतं. तो वर्षानुवर्षं गप्प पडून असू शकतो, कुणाकडून कधी आला हे कोणतीच तपासणी सांगू शकत नाही. यावरून भांडण झालं की बाई पुढच्या तपासणीला जातच नाही.

दुसरं, पिशवी काढायला कुणी घाई केली तर थांबा. आमच्या शेजारच्या ३४ वर्षांच्या बाईला अंगावरून पांढरं जातं म्हणून एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली आणि सांगितलं पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. ना पॅप केलं ना काही. तिने कानातलं गहाण टाकायची तयारी केली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी पॅप केलं, ते नॉर्मल, इन्फेक्शन होतं, गोळ्यांनी बरं झालं. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या किती तरुण बायकांच्या पिशव्या निघाल्या ते २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचलंच असेल. तपासणीचा कागद हातात असला की या भीतीला उत्तर देता येतं.

पाळी गेली म्हणून तपासणी संपत नाही, ६५ पर्यंत करायची असते, फक्त पाळी गेल्यावर व्हिनेगरची नीट कळत नाही कारण बघायचा भाग आत सरकतो, तेव्हा पॅप किंवा एचपीव्ही. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असलं, तांबी असली, नवरा वारलेला असला, तरी करायची. पिशवी काढलेली असेल तर डिस्चार्ज कार्ड दाखवून विचारा की तोंडही काढलंय का ठेवलंय, ठेवलं असेल तर तपासणी लागते. एचपीव्हीची लस घेतली तरी लागते, कारण लस विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर नाही. लस मात्र मुलींना ९ ते १४ वयात द्याच, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून आलीय.

आणि हे वेगळं ध्यानात ठेवा, संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर परत डाग दिसत असेल, घाण वासाचं पाणी जात असेल तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. आधीचा रिपोर्ट चांगला असला तरी सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

आक्कांची आणि माझी दोघींची एचपीव्ही निगेटिव्ह आली. आमच्या घरात महत्त्वाचे कागद रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात, त्यातच रिपोर्ट ठेवलेत आणि त्यावर स्केचपेनने पुढच्या तपासणीचं वर्ष मोठं लिहिलंय. गेल्या आठवड्यात आक्का स्वतःहून मला विचारत होत्या, आपल्या चुलतसासूबाई ५८ च्या आहेत, त्यांची चालेल का? चालेल, फक्त व्हिनेगरची नको, पॅप किंवा एचपीव्ही. गुरुवारी सिस्टर असते, त्या दिवशी जातोय.