शह, मात, काटशह : या चुका टाळा

मथळ्यात जागा कमी पडली की नवा उपसंपादक 'शह' किंवा 'मात' उचलतो. दोन्ही दोन अक्षरी, दोन्ही ठसकेबाज, मग कुठलाही चालतो असा समज. चालत नाही. बुद्धिबळात राजाला शह बसला तरी सुटकेच्या तीन वाटा असतात: राजा हलवा, मध्ये मोहरं घाला, नाहीतर शह देणारं मोहरंच मारा. तिन्ही बंद झाल्या तरच मात.

आमच्याकडे एका नगरपालिकेची बातमी आली. विरोधकांनी अविश्वास ठराव दाखल केला होता, मतदान पुढच्या आठवड्यात. पोरानं मथळा ठोकला, 'नगराध्यक्षांवर विरोधकांची मात'. सकाळी एका गटानं फटाके वाजवले, दुसऱ्यानं आमचा फोन वाजवत ठेवला. पुढे मतदानात ठराव पडला. 'शह' लिहिलं असतं तर एक अक्षरही खोटं ठरलं नसतं. पोराला विचारलं तर म्हणे, ''सर, अर्थ एकच ना?'' या मंडळींना शब्दकोश उघडायला वेळ नसतो, खुलासा छापायला मात्र असतो.

मी मथळा सोडण्याआधी एवढंच विचारतो: आता खेळी कुणाची? समोरच्याला काही करता येत असेल, तर शह. काहीच उरलं नसेल, तर मात.

'मात दिली' ही हिंदी. आपण शह देतो आणि मात करतो, तीही कुणा'वर'.

काटशहाला आधी शह लागतो. शहातून सुटता सुटता उलट शह देणं, तो काटशह. पहिलीच चाल करणाऱ्याच्या नावावर तो लावू नका.

खुद्द बुद्धिबळाच्या बातमीतही घाई नडते. डिसेंबर 2024 मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात डिंग लिरेननं 55 व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला, काही चालींनी डाव सोडला आणि गुकेश जगज्जेता झाला. पटावर मात झालीच नाही. मोठे खेळाडू बहुधा त्याआधीच हात पुढे करतात. तरी 'गुकेशचा चेकमेट' लिहायची हौस फिटत नाही. अहो, डाव मोबाईलवर दिसतो, बघा की!

कुणाला 'नुसतं प्यादं' म्हणताना आठवी रांग लक्षात ठेवा. तिथे पोचलं की त्याचाच वजीर होतो.

आणि 'स्टेलमेट' लिहून पुढच्याच ओळीत कुणाला विजयी करू नका. त्यात राजाला शह नसतो, पण खेळायला एकही चाल उरत नाही; डाव बरोबरीत सुटतो, दोघांना अर्धा-अर्धा गुण.