मागची तारीख : साथ येण्याआधी दुकानदाराने आणि घरमालकाने तयार ठेवायचे कागद

कोविडच्या काळात सरकारने जाहीर केलेल्या सवलतींचे आदेश आज पुन्हा काढून वाचले, तर त्यांतल्या बहुतेकांत एक समान गोष्ट आढळते. सवलत जाहीर होण्याची तारीख पुढची असते आणि ती कोणाला मिळणार हे ठरवणारी तारीख मागची असते. तातडीच्या कर्जासाठी २९ फेब्रुवारी २०२० ची कर्जाची बाकी पाहिली गेली आणि फेरीवाल्यांच्या कर्जासाठी २४ मार्च २०२० रोजी ते व्यवसाय करत होते का हे पाहिले गेले. साथ सुरू झाल्यावर धावपळ करून नोंदणी करणाऱ्यांची त्या वेळी कीव येत असे, कारण त्यांनी मिळवलेला कागद खरा असला तरी त्यावरची तारीख उपयोगाची नव्हती. छोट्या व्यावसायिकांचे आणि घरमालकांचे हिशेब लिहिण्याच्या कामात मी ते दीड वर्ष काढले. पुढच्या वेळी काय हाताशी असावे, याची ही यादी त्याच अनुभवावरून केलेली आहे.

सर्वांत आधी व्यवसाय अस्तित्वात असल्याचा पुरावा तयार ठेवावा. महाराष्ट्रात कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानाला २०१७ च्या कायद्याने नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरते, ज्याला आपण अजूनही सवयीने गुमास्ताच म्हणतो. पण ही सूचना पुष्कळांनी दिलेलीच नसते आणि ज्यांनी दिलेली असते त्यांचा पत्ता तीन दुकानांपूर्वीचा असतो. त्यावरचा पत्ता, वीजबिलावरचा पत्ता, जीएसटीतला पत्ता आणि बँकेतला पत्ता हे चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकदा ताडून पाहावेत. उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्राकडे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग म्हणून होणारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि तिला शुल्क नाही, त्यामुळे ती करून देण्यासाठी कोणी हजार रुपये मागत असेल तर तो आपल्या आळसाचे पैसे घेत आहे, एवढे समजावे. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये या व्यवस्थेत पुन्हा घेतले गेले, तेही फक्त अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरते, म्हणजे बँकांना ज्या क्षेत्रांना ठरावीक वाटा द्यावाच लागतो त्या कर्जापुरते. दुकानदाराने उद्यम प्रमाणपत्र जरूर काढावे, मात्र कारखानदाराला मिळणारे सगळे फायदे आपल्यालाही मिळतील असे गृहीत धरू नये.

नोंदणी नसलेल्याचे काय होते, याचे उदाहरण एप्रिल २०२१ चे आहे. दुसऱ्या लाटेत निर्बंध लागू करताना राज्य सरकारने ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, आणि त्यात दीड हजार रुपयांची मदत होती ती नोंदणीकृत फेरीवाल्यांना, नोंदणीकृत बांधकाम कामगारांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना. या वाक्यातले ‘नोंदणीकृत’ आणि ‘परवानाधारक’ हे दोन शब्द काढून टाकले तर मदत पुष्कळांची झाली असती. ज्याच्या नावावर परवाना नाही आणि जो दुसऱ्याची रिक्षा पाळीने चालवतो, त्याचा धंदाही तितकाच बुडाला होता. पीएम स्वनिधी या केंद्राच्या फेरीवाल्यांसाठीच्या कर्जयोजनेत १०,००० रुपयांचे पहिले कर्ज मिळण्यासाठी पालिकेचे ओळखपत्र किंवा विक्री प्रमाणपत्र, आणि सर्वेक्षणात नाव सुटले असल्यास पालिकेचे शिफारसपत्र लागत होते. हातगाडीवाल्याने यासाठी कायम जवळ ठेवावेत असे कागद थोडेच आहेत : पालिकेच्या शुल्काच्या पावत्या, संघटनेचे सभासदपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते. पावत्या पिवळ्या पडतात आणि त्यांवरची शाई उडते, म्हणून दर महिन्याला त्यांचा फोटो काढून ठेवावा.

आता कर्जाकडे वळू, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच झाले. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी मुदतकर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली आणि मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. लोकांनी ‘हप्ता माफ’ असे ऐकले, प्रत्यक्षात हप्ता फक्त थांबला होता आणि व्याज चालूच होते. दहा लाख रुपये बाकी असलेल्या आणि दहा टक्के व्याजाच्या कर्जावर सहा महिने काहीच भरले नाही, तर मासिक चक्रवाढीने सुमारे ५१,०५३ रुपये व्याज चढते. ऑक्टोबरमध्ये केंद्राने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना जो दिलासा दिला, तो चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतल्या फरकाएवढा होता. म्हणजे या उदाहरणात ५१,०५३ वजा ५०,०००, अर्थात १,०५३ रुपये. पेढ्यांचा एक मोठा बॉक्स येईल एवढी ती रक्कम, पण बातम्यांत तिला व्याजमाफी म्हटले गेले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये व्याजावरचे व्याज कोणाकडूनच घेऊ नये असे सांगितले, मात्र मूळ व्याज माफ करण्यास नकार दिला. तेव्हा तयारी अशी की आपल्या प्रत्येक कर्जाची बाकी, व्याजदर आणि उरलेले हप्ते एका कागदावर लिहून ठेवावेत, सहा महिने हप्ता थांबवल्यास किती रक्कम वाढेल हे आधीच काढून ठेवावे, आणि ज्याच्या गल्ल्यात पैसा येत आहे त्याने केवळ सवलत आहे म्हणून ती घेऊ नये.

तातडीच्या हमीकर्जाची योजना मे २०२० मध्ये आली, आणि माझ्या मते दुकानदारांना खरा उपयोग झाला तो याच योजनेचा. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढी बाकी होती तिच्या वीस टक्के नवे कर्ज, तारणाशिवाय, चार वर्षांसाठी, मुद्दलाला एक वर्ष सवड आणि बँकेसाठी व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के, अशी तिची रचना होती. कॅश क्रेडिटमध्ये, म्हणजे मंजूर मर्यादेत लागेल तसे पैसे उचलण्याच्या बँकेच्या सोयीत, आठ लाख उचललेल्या भांडी दुकानदाराला एक लाख साठ हजार मिळाले. त्याच्याच शेजारच्या दुकानदाराने कधीच बँकेचे कर्ज घेतलेले नव्हते, सगळा व्यवहार स्वतःच्या पैशाने आणि घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीवर चालत होता. त्याच्या शून्य बाकीचे वीस टक्केही शून्यच झाले. कर्ज नसणे हा आपल्याकडे अभिमानाचा विषय आहे आणि तो मला चुकीचा वाटत नाही, पण छोटीशी कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर करून घेऊन ती नियमित वापरात ठेवावी, असा सल्ला मी त्यानंतर देऊ लागलो. शिवाय ज्याचा हप्ता त्या तारखेला साठ दिवसांहून अधिक थकलेला होता तो पहिल्या टप्प्यात बाहेरच राहिला, आणि जिथे जीएसटी नोंदणी सक्तीची आहे तिथे ती असणे ही अट होती. तेव्हा स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे दुकानातल्या मालसाठ्याचा तक्ता, बँकेत वेळेवर देणे, खाते थकू न देणे आणि जीएसटीची विवरणे विक्री नसलेल्या महिन्यातही भरणे, ही तीन कामे यादीत कायमची राहू द्यावीत.

कामगारांच्या बाबतीत भविष्य निर्वाह निधीची सवलत अशीच एका टक्केवारीवर अडकली. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचा मालक आणि कामगार या दोघांचा मिळून २४ टक्के हिस्सा केंद्राने भरला, पण तो अशाच आस्थापनांचा जिथे शंभरपर्यंत कामगार होते आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांचा पगार १५,००० रुपयांच्या आत होता. चोवीस कामगारांपैकी तिघांचा पगार त्याहून जास्त असेल, तर उरलेले एकवीस म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के होतात आणि अख्खी आस्थापना बाद ठरते. या गणिताची तयारी करता येत नाही आणि त्यासाठी कोणाचा पगार कमी दाखवणे तर उघड लबाडी आहे. पण प्रत्येक कामगाराच्या यूएएनची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतल्या त्याच्या कायम क्रमांकाची, केवायसी पूर्ण करून ठेवणे आणि दरमहा चलन वेळेत भरणे मालकाच्या हातात असते.

विम्याविषयी थोडक्यात सांगायचे तर, दुकानाच्या आगीच्या विम्यासोबत घेतलेले धंदा बंद पडल्याचे संरक्षण सहसा मालमत्तेचे प्रत्यक्ष नुकसान झाल्यावरच लागू होते, आणि टाळेबंदीत शटर शाबूत होते. पॉलिसीतली साथरोगाविषयीची ओळ एजंटाला न विचारता स्वतः वाचावी.

घरमालकांसाठी स्वतंत्र लिहायला हवे, कारण त्यांच्या वाट्याला आल्या त्या मुख्यतः सूचना. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी कामगारांकडून एक महिना भाडे मागू नये असा आदेश काढला, आणि राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी व भाडे थकल्याने कोणाला घराबाहेर काढू नये असे कळवले. भाडे पुढे ढकला म्हणजे सोडून द्या असे नव्हे, हे भाडेकरूला समजावणे मालकाच्याच गळ्यात पडले. ज्या निवृत्त माणसाचे महिन्याचे औषधपाणी एका खोलीच्या भाड्यावर चालते, त्याला कोणतीही भरपाई नव्हती. उत्पन्नाच्या बाजूने हाती लागले ते एवढेच की, मे २०२० ते मार्च २०२१ या काळात भाड्यावर होणारी उद्गम करकपात (टीडीएस) दहा टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर आली. यात कर कमी झाला नाही, कापलेली रक्कम काही काळ आपल्या हातात राहिली. आणि ज्याने भाडेकरूला आपला पॅन दिलेला नव्हता, त्याला तेही मिळाले नाही.

म्हणून घरमालकाची पहिली तयारी म्हणजे नोंदणीकृत करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि तसा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे करून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. व्यापारी गाळ्याच्या करारात, सरकारी आदेशाने जागा वापरता आली नाही तर भाड्याचे काय होईल, याचे स्पष्ट कलम दोन्ही बाजूंनी बसून आधीच लिहावे. दिल्लीतल्या खान मार्केटमधील एका दुकानाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये हेच दाखवून दिले : करारात तशी तरतूद असेल तर भाडेकरू तिचा आधार घेऊ शकतो, पण नसेल तर केवळ टाळेबंदीमुळे भाडे थांबवता येत नाही. त्या भाडेकरूला भरण्याच्या मुदतीत थोडी सवड मिळाली, माफी मिळाली नाही.

भाडे कमी करायचे ठरलेच तर ते फोनवर ठरवू नये. ‘एप्रिल ते जूनचे भाडे निम्मे’ आणि ‘एप्रिल ते जूनचे निम्मे भाडे दिवाळीनंतर’ या दोन वाक्यांत वर्षभराचे भांडण असते, आणि मी अशी दोन भांडणे माझ्या टेबलावर सोडवली आहेत. दोन्हींत व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त ‘ठीक आहे, बघू’ एवढाच पुरावा होता. एका पानाचे पूरक पत्र करून त्यात महिने, रक्कम, माफी की मुदतवाढ, आणि डिपॉझिटमधून वळते करायचे की नाही हे लिहावे व दोघांनी सही करावी. आयकरालाही हे पत्र लागते. माफ केलेले भाडे आणि बुडालेले भाडे यांचा विचार वेगळा होतो, आणि बुडालेले भाडे उत्पन्नातून वगळायचे असल्यास भाडेकरू जागा सोडून गेला किंवा त्याला घालवण्यासाठी पावले उचलली, वसुलीचे प्रयत्न केले, हे दाखवावे लागते. त्यासाठी नोटिशीची प्रत आणि पोचपावती जपून ठेवावी.

मीटरचे तेवढे विसरू नये. टाळेबंदीत रीडिंग घ्यायला कोणी येत नसल्याने सरासरीची बिले आली आणि जून २०२० मध्ये एकदम मोठे आकडे हातात पडले. दुकान बंद करताना आणि उघडताना, तसेच भाडेकरू जागा सोडताना, मीटरचा तारखेसह फोटो घ्यावा आणि रीडिंग स्वतः कंपनीच्या अ‍ॅपवर पाठवावे.

हे सगळे झाल्यावरही एक अडचण राहते. माझ्या एका अशिलाची सर्व कागदपत्रे व्यवस्थित होती, पण ती दुकानात होती आणि दुकान प्रतिबंधित क्षेत्रात होते. पोर्टलवरून प्रती काढायला गेलो तर ओटीपी जात होता दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गावी गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर, कारण जीएसटीची नोंदणी त्याने स्वतःचा नंबर टाकून केली होती. त्याला फोन लागायला सहा दिवस गेले. म्हणून फाइलची एक प्रत घरी ठेवावी, आणि जीएसटी, उद्यम, भविष्य निर्वाह निधी, आयकर व बँक या पाचही ठिकाणी कोणाचा मोबाइल नंबर दिलेला आहे, हे आजच उघडून पाहावे.